नदीची थरथर

आज दिवसभर उत्तराखंडातल्या तपोवनजवळ धौलीगंगा नदीपाशी होतो. काठावर नाही, चांगलं शंभरेक पावलं लांब. हातभर खड्डा, पाणसळ लावून त्यात मुठीएवढा जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर टिपणारं यंत्र, सरळ बसवला, वर माती. पाण्यातली मोजपट्टी मोठ्या पुरात सगळ्यात आधी वाहून जाते. हा बाबा लांब बसून जमिनीला कान लावतो. पाण्याच्या खळाळाची थरथर वेगळी, तळाशी गडगडणाऱ्या धोंड्यांची वेगळी, जरा वरच्या कंपनसंख्येची.

सकाळी स्क्रीनवर एकदम उसळ्या दिसल्या. मी ओरडलोच, “पाणी आलं!” निघाली रेती वाहणारी खेचरं. दिवसभर चेष्टा झाली माझी. दुपार कलल्यावर मात्र रेघ खरंच जाड होत गेली, वरचा बर्फ वितळून उतरत होता.

७ फेब्रुवारी २०२१ ला धौलीगंगेला मिळणाऱ्या ऋषिगंगेच्या वर कडा कोसळून पूर आला, तेव्हा लांबलांबच्या भूकंपमापकांत ते हादरे उमटले होते. नंतर तपासल्यावर कळलं. तोवर इथली २०० हून जास्त माणसं गेली किंवा बेपत्ता झाली होती.

संध्याकाळी चहावाल्या काकांनी विचारलं, “ये पहले बता देगा ना?”

“कोशिश वही है,” म्हणालो. त्यांनी पैसे घेतले नाहीत.