तीन सिलिंडरवर कुंभार्ली घाट

पुण्याहून गुहागरला आम्ही नेहमी साताऱ्यावरून जातो. उंब्रजला हायवे सोडायचा, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. जुलैतल्या एका शनिवारी पहाटे पाचला निघालो. पाटण मागे पडलं आणि एका चढावर गाडीने झटका दिला. मला वाटलं खड्डा. दुसऱ्या झटक्याला बायको म्हणाली, "खड्डा नव्हता तो." तेवढ्यात चेक इंजिनचा पिवळा दिवा आला, आणि तोही लुकलुकत.

हा दिवा नुसता पेटून राहिला तर सावकाश चालवत गॅरेज गाठता येतं. लुकलुकायला लागला तर मात्र इंजिन चांगलंच मिसिंग मारतंय, म्हणजे ठोके चुकवतंय, आणि एखाद्या सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरकडे निघालंय. ते वाटेतल्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा डबा) पेटतं, तो भट्टीसारखा तापतो आणि आतली जाळी वितळू शकते. त्याचा खर्च प्लगला स्पार्कसाठी वीज देणाऱ्या कॉइलच्या कित्येक पट. तेव्हा "पिळली की मोकळी होईल" म्हणत ॲक्सिलरेटर दाबू नका. मी पाच मिनिटं तेच केलं होतं.

कोयनानगरला एका टपरीच्या पत्र्याखाली गाडी लावली. स्टिअरिंग हातात थरथरत होतं, सायलेन्सर फट-फट करत मध्येच एक ठोका गाळत होता, मागे कच्च्या पेट्रोलचा वास. मेव्हण्याचं निदान तयारच होतं. "दाजी, साताऱ्याला भरलेल्या पेट्रोलमध्ये पाणी असणार." पेट्रोलमध्ये पाणी असतं तर चारही सिलिंडरनी कुरबुर केली असती. इथे एकच ठोका ठरलेल्या तालात चुकत होता.

कप्प्यात ब्लूटूथचा ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीचे बिघाडाचे कोड वाचणारं छोटं यंत्र, पडलेला असतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला तो लावला आणि मोबाइलवर कोड आला, पी-०३०२. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे दोन नंबर. अशा चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात मोजणी बहुतेक वेळा टायमिंग चेनच्या बाजूने होते. उलटीकडून मोजलंत तर भलत्याच प्लगशी झटापट होईल, त्यामुळे मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

कोड सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही. कॉइल, प्लग, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), काहीही असू शकतं. रस्त्यात तपासायला सगळ्यात सोपी कॉइल. अर्धा तास इंजिन थंड होऊ दिलं (चहा, भजी, पुन्हा चहा). चावी काढली, कॉइलला वायर जोडणाऱ्या कपलरच्या खिट्ट्या दाबून ते सोडवले, दहाच्या गोटी पान्याने दोन बोल्ट काढले. दोनची कॉइल तीनवर, तीनची दोनवर. कोड पुसला, गाडी चालू केली. थरथर तशीच. पण काही मिनिटांत नवा कोड आला, पी-०३०३. कॉइल जिकडे गेली तिकडे बिघाड गेला, म्हणजे घोळ कॉइलचाच. कोड दोनवरच राहिला असता तर हाच खेळ प्लगचा केला असता, आणि तोही फसला असता तर मुकाट्याने इंजेक्टर नि कॉम्प्रेशन फिटरवर सोपवलं असतं.

कॉइल उपसताना आणखी एक दिसलं. दोन नंबरच्या प्लगच्या विहिरीत चहासारखं गढूळ, गंजलेलं पाणी होतं आणि कॉइलच्या रबरी नळीवर पेन्सिलने ओढावी तशी राखाडी रेघ. प्लगच्या टोकापर्यंत जायच्या ऐवजी स्पार्क त्या रेघेवरून बाहेरच्या बाहेर पळत होता. पाणी कुठून आलं? आदल्या रविवारी मीच इंजिन प्रेशरने धुऊन घेतलं होतं. ट्रिपला निघायचं, गाडी कशी चकाचक हवी!

पुढे घाट उतरायचा होता, हे नशीब. परतीला मात्र तोच चढायचा, म्हणून "सोमवारी बघू" म्हणण्यात अर्थ नव्हता. एसी बंद केला, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, धुक्यात दिवे लावून हळूहळू उतरलो. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याचा सल्ला मेव्हण्याने दिला. तो चुकूनही ऐकू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकची मदत जाते आणि पेडल दगडासारखं होतं.

चिपळुणात पहिल्या गॅरेजने चारही कॉइल आणि वर इंजेक्टर क्लीनिंग सांगितलं. दुसऱ्या फिटरला अदलाबदलीचं सांगितलं तर हसला. "साहेब, तुम्हीच शोधून आणलंत, मग एकच टाकू." पण प्लग चारही बदला म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं. दोन नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर तशीच काळी रेघ उमटलेली होती. तो जुना प्लग ठेवला असता तर त्याने नवी कॉइलही खाल्ली असती. उरलेल्या तिघांचं आयुष्य तसंही संपत आलं होतं.

त्याचं काम बघण्यासारखं होतं. विहिरीतलं पाणी आधी फडक्याने टिपलं, मग हवा मारली आणि त्यानंतरच प्लग सोडवला, नाहीतर कचरा सरळ सिलिंडरमध्ये. इंजिन गार असल्याशिवाय त्याने प्लगला पाना लावला नाही, कारण ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गरम असताना खराब होतात. नवा प्लग आधी हाताने फिरवत टेकवला, मग पान्याने अर्ध्या फेऱ्याहून थोडा जास्त. तास-दीड तासात दुपारच्या जेवणाला आम्ही गुहागरच्या वाटेवर.

तेव्हापासून डिकीत डोंगल, दहाची गोटी, प्लगचा पाना, सुकं फडकं आणि टॉर्च असतो. पुढच्या वेळी एक नवी कॉइल बसवून जुन्या तीनपैकी एक बरी स्पेअर ठेवणार आहे. वॉशिंगवाल्याला आता बोनेट उघडूच देत नाही.

सोमवारी परतताना कुंभार्ली भर पावसात दुसऱ्या गिअरवर चढलो. दिवा लागला नाही. बायको मात्र वरपर्यंत रस्त्याकडे न बघता डॅशबोर्डकडेच बघत बसली होती.