अमेरिकी साहित्यातला आनंद

1776 च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याने जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या जोडीने सुखाचा शोध घेण्याचा हक्कही माणसाला बहाल केला. पण त्या देशाचे साहित्य वाचताना मला असे दिसत आले आहे की, सुखाच्या मागे हात धुऊन लागलेली पात्रे तिथे बहुधा हात हलवत परत येतात. फिट्झजेराल्ड यांच्या 1925 सालच्या कादंबरीतला गॅट्सबी हवेली विकत घेतो, मेजवान्या झोडू देतो, उंची शर्टांचा ढीग आपल्या प्रेयसीसमोर, डेझीसमोर रचतो, आणि ती ते पाहून रडू लागते.

आनंद भेटतो तो भलत्याच ठिकाणी. विचारवंत इमर्सन यांनी 1836 च्या ‘नेचर’ या निबंधात सांगितले आहे की, संधिप्रकाशात, ढगाळ आकाशाखाली, वितळत्या बर्फाची डबकी तुडवत एक मोकळे मैदान ओलांडताना, काही विशेष चांगले घडल्याचे मनातही नसताना, त्यांना भीतीच्या काठाला टेकणारा हर्ष झाला. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचा भाऊ चार्ल्स वारला होता, हे ठाऊक असले की तो उतारा वेगळा वाचला जातो.

मला सर्वांत प्रिय आहे तो मात्र मार्क ट्वेन यांचा तराफा. ‘हकलबेरी फिन’च्या एकोणिसाव्या प्रकरणात घरातून पळालेला पोरगा हक आणि त्याचा सोबती जिम रात्री मिसिसिपीच्या पाण्यात पाय सोडून चिलीम ओढत तारे पाहतात आणि हे तारे कोणी घडवले की आपोआप झाले, यावर वाद घालतात. चंद्राने ते अंड्यांसारखे घातले असावेत, असे जिम म्हणतो. बेडकी तेवढीच अंडी घालते हे हकने पाहिलेले असल्याने त्याला ते पटते. तुटणारे तारे म्हणजे नासल्यामुळे घरट्याबाहेर टाकलेली अंडी, हाही जिमचाच निष्कर्ष! वास्तविक जिथून गुलामगिरी नसलेल्या राज्यांकडे वळायचे ते केरो गाव धुक्यात मागे पडल्यामुळे गुलामगिरीतून पळालेला जिम गुलामगिरीच्याच प्रदेशात अधिकाधिक खोल वाहत चाललेला असतो. धोका टळलेला नसतानाही हे दोघे हसतात, आणि लेखक त्याबद्दल त्यांना दटावत नाही.

कृष्णवर्णीय लेखिका झोरा नील हर्स्टन यांना मात्र अशाच आनंदासाठी बोलणी खावी लागली. त्यांच्या 1937 सालच्या ‘देअर आईज वेअर वॉचिंग गॉड’ या कादंबरीतली पात्रे हसू आणि आसू यांच्या त्याच सुरक्षित चौकटीत फिरतात, ज्यात अमेरिकेला कृष्णवर्णीयांना पाहायला आवडते, असा आक्षेप स्वतः कृष्णवर्णीय असलेले लेखक रिचर्ड राइट यांनी परीक्षणात घेतला. त्या काळातला त्यांचा संताप मी समजू शकतो. तरीही त्या कादंबरीतली जेनी पाहा: दुकानाच्या ओसरीवर गावकऱ्यांच्या थट्टामस्करीत तोंड घालायला नवऱ्याने तिला वर्षानुवर्षे मनाई केलेली, तो गेल्यावर टी केक नावाचा तरुण दुकानात येतो आणि चेकर्सचा पट मांडून तिला खेळायला शिकवतो. आपण खेळावे असे कोणाला तरी वाटते, आणि त्यात त्याला काही वावगे दिसत नाही, एवढ्यानेच ती उजळते. यात गोऱ्या वाचकाची मर्जी राखण्यासारखे काय आहे, हे राइट यांचा आक्षेप पुन्हा पुन्हा तपासूनही मला उमगलेले नाही.