खोपीतली कात: मागचं ‘मण्यार’ मागे घेतो

मामांच्या शेतातल्या खोपीत सापडलेल्या सापाच्या कातेला मागच्या वेळी मी मण्यार ठरवलं होतं. ते चुकलं. काल तिसऱ्यांदा मोजली आणि अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या २१ ओळी भरल्या. मण्यारीला १५ ते १७ असतात.

पाठीच्या मधल्या ओळीचे खवले मोठे दिसले आणि मी तिथेच थांबलो, हीच चूक. मण्यारीचे हे खवले ठळक षट्कोनी असतात. इथे ते शेजाऱ्यांपेक्षा जरासेच रुंद आहेत. त्यात कात वाळलेली, चुरगळलेली. एकदा १९ यायचे, एकदा २२. यावेळी कोमट पाण्यात भिजवून काळ्या पुठ्ठ्यावर पसरली आणि पोटाच्या कडेपासून तिरकं, खवल्याखवल्यावर टाचणी टेकवत मोजलं. महागडं दिव्याचं भिंग चकाकी मारतं, त्यापेक्षा घड्याळवाल्याचं साधं भिंग कितीतरी चांगलं.

मामा म्हणतात फुरसंच. पण फुरशाचे खवले खरखरीत आणि डोक्यावरचेही बारीक. इथे सगळं गुळगुळीत, डोक्यावर मोठे खवले. कवड्या सापाला १७ ओळी, म्हणजे तोही गेला. नागाने मात्र रात्रभर छळलं, कारण त्याच्याही २१ भरू शकतात. शेवटी मान पाहिली. नागाच्या फण्यापाशी ओळी वाढतात, इथे मान बारीक आणि ओळी वाढत नाहीत. शेपटीखालचे खवले जोडीने. अवस्कराची (शेपटीच्या मुळाशी असलेल्या छिद्राची) जागा नेमकी फाटलेली, तिथलं काहीच कळलं नाही.

मांजऱ्या! कात आढ्याजवळच्या कुडात अडकलेली होती, हे तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं. झुडपांवर चढून सरडे, पाली धरणारा साप तो.

शेताला वीज रात्रीची मिळते, त्यामुळे मामा आणि सालदार केळीला पाणी देताना खोपीतच जमिनीवर पडतात, म्हणून ओळख पटणं मला महत्त्वाचं वाटतं. मांजऱ्याचं विष सौम्य. पण एका कातेवरून तिथे मण्यार नाहीच असं मी म्हणणार नाही. मण्यारीचा दंश झोपेत अनेकदा कळतही नाही. बाज आणि मच्छरदाणी घ्यायचा आग्रह कायम आहे.

शनिवारी नाल्याकाठच्या दगडांखाली साप शोधणार होतो. ते सोडलं. बोरीच्या झुडपांवर झोपलेले सरडे बॅटरीच्या उजेडात फिकट दिसतात, मांजऱ्याचं खाद्य म्हणून आधी तेच मोजतो. नाही, त्याआधी खोपीतल्या पाली. आजच रात्री दहाला.