चिऱ्याच्या भिंती, गोबरगॅस आणि दोन किलोवॉट: आमचं घर उभं राहिलं त्याचा अनुभव

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं, त्या रात्री परसातला फणस घरावर आडवा झाला. माजघराचं छप्पर आणि मागची मातीची भिंत गेली. आम्ही सगळे पुढच्या पडवीत होतो म्हणून वाचलो. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या वाडीत वीज नव्हती. विहिरीवर पंप असून पाणी मात्र रहाटाने ओढलं. नवं घर बांधायचं ठरलं ते त्याच दिवसांत, आणि ते कसं असावं याचा विचारही तेव्हाच सुरू झाला.

भेटेल तो सांगत होता, स्लॅब टाका, पुन्हा वादळाची चिंता नको. आमच्या सिंधुदुर्गातल्या कुडाळ तालुक्यात आता बहुतेक नवी घरं स्लॅबचीच आहेत. आमच्या सासूबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "स्लॅबच्या घरात माका झोप येवची नाय." माझ्या दिरांचं घर तसंच आहे. मे महिन्यात रात्री दहा वाजता तिथे पंख्याखाली बसलं तरी वरून तापलेली हवाच अंगावर येते. दिवसभर शोषलेलं ऊन स्लॅब रात्रभर खाली सोडत राहतो.

पुण्यात स्थापत्य अभियंता असलेला माझा भाचा आला, त्याला मी आधी सोलरचंच विचारलं. तो म्हणाला, "मामी, वीज किती बनवायची ते नंतर बघू. आधी घर किती तापणार ते ठरवू." मग त्याने कागदावर सूर्य काढून दाखवला. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण 16 अंशांवर आहोत, म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. सगळ्यात जास्त मार छपराला बसतो, त्याच्या खालोखाल पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या भिंतींना. राहत्या घरांच्या भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याचा केंद्राचा नियमही आहे, इको निवास संहिता, 2018 चा. त्यात चौरस मीटरला 15 वॉट ही मर्यादा आहे. ते ऐकून मला आमच्या जुन्या घराची पश्चिमेची पडवी आठवली. कोणी आकडा न मांडता ती बरोबर त्याच जागी होती. नव्या घरातही पश्चिमेला पडवी, न्हाणी आणि लाकडांची खोली ठेवली आणि झोपायच्या खोल्यांच्या खिडक्या उत्तर-दक्षिण घेतल्या.

भिंतींसाठी चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा कापलेला ठोकळा. खाण आमच्यापासून जेमतेम आठ किलोमीटरवर आहे. जांभा जमिनीत असताना नरम असतो, सहज कापता येतो, आणि हवा लागली की कडक होत जातो. त्याला भट्टी लागत नाही. सिमेंटचं तसं नाही. त्यासाठी चुनखडी प्रचंड तापमानाला भाजावी लागते, त्या इंधनाचा धूर वेगळा आणि खुद्द चुनखडीतून सुटणारा कार्बन डायऑक्साइड वेगळा. मेस्त्रींनी खाणीवर नेऊन मला चिरा निवडायला शिकवलं. एक चिरा उभा करून त्यावर दुसऱ्या दगडाने टिचकी मारायची. खणखणीत आवाज आला तर घ्यायचा, भसाडा आला तर आत पांढऱ्या मातीची शीर आहे असं समजायचं. पहिल्या गाडीतले चाळीसेक चिरे आम्ही परत पाठवले.

प्लास्टरवरून घरात वाद झाला. ह्यांना गुळगुळीत रंगवलेली भिंत हवी होती. मेस्त्री म्हणाले, "वयनी, चिऱ्याक प्लास्टर कित्याक? छप्पर भायर काढा, भिंत सुकी रवतली." त्यांचंच ऐकलं. छप्पर साडेतीन फूट बाहेर काढलं, चिऱ्यांमधल्या फटी नीट भरून घेतल्या आणि नैर्ऋत्येची भिंत, जिथे पावसाची झड थेट बसते, तेवढी एकच प्लास्टर केली. बाकी घर बाहेरून तांबडंच आहे. मला ते फार आवडतं.

छपरासाठी जुनीच मंगलोरी कौलं आणि जुनेच ऐन-किंजळीचे वासे वापरले. वासे भिंतीत लोखंडी पट्टीने जखडले आणि कडेची कौलं तारेने बांधली, कारण वाऱ्याने उडतात ती आधी कडेचीच. पण सोलरच्या पॅनेलना कौलांवर बसवणं त्रासाचं, एक कौल फुटलं की सगळं खोलावं लागतं. म्हणून स्वयंपाकघर आणि कोठारावर तेवढा स्लॅब घेतला, तोही फिलर स्लॅब. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली ही पद्धत. स्लॅबमध्ये खालच्या बाजूचा ताण सळ्या घेतात, तिथलं काँक्रीट बरंचसं नुसतं ओझं असतं. त्याच्या जागी दोन-दोन कौलं समोरासमोर ठेवली की सिमेंट वाचतं आणि मधल्या पोकळीतल्या हवेने ऊनही अडतं. उरलेली फुटकी-तुटकी कौलं अशी कामी आली. स्वयंपाकघरात वर पाहिलं की ती ओळीने दिसतात. काहींच्या कडांना अजून जुन्या चुलीचा धूर आहे.

गोबरगॅस सासूबाईंचा हट्ट. गोठ्यात दोन गाई आणि एक म्हैस. आमचं संयंत्र दीनबंधू पद्धतीचं, म्हणजे जमिनीखालच्या पक्क्या घुमटाचं. दिवसाला दोन घनमीटर गॅस देणाऱ्या अशा संयंत्राला रोज साधारण 50 किलो शेण लागतं. आमचं ते कसंबसं भागतं, शेजारच्या गोठ्यातून दोन पाट्या येतात म्हणून. शेण आणि पाणी सारखं कालवून घालायचं. पहिले काही आठवडे जो गॅस येतो तो पेटतच नाही, त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. तो सोडून द्यावा लागतो. मी धीर सोडला होता. मग एका सकाळी शेगडीला काडी लावली आणि निळी ज्योत गोल धरून उभी राहिली. सासूबाईंनी त्यावर पहिला चहा केला तो देवाला दाखवून. पावसाळ्यात ज्योत थरथरायला लागली तर नळीत पाणी साचलंय असं समजायचं. सखल जागी ठेवलेली तोटी उघडली की वाटीभर पाणी येतं आणि ज्योत पुन्हा स्थिर होते. बाहेर पडणारी मळी माडांना जाते.

सोलरचं काम मात्र कागदांत अडकलं. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना जाहीर झाली. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, म्हणजे जास्तीत जास्त 78 हजारांचं अनुदान. अर्ज पोर्टलवर दहा मिनिटांत होतो. पण आमचं वीजबिल 2009 साली वारलेल्या माझ्या सासऱ्यांच्या नावावर होतं. ग्राहक, अर्जदार आणि बँक खातेदार एकच माणूस लागतो. नाव बदलायचं तर जमीन सामाईक, सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातली सात मुंबईत. संमतीपत्राचा कागद लालबाग, विरार, डोंबिवली असा फिरून गणपतीत गावी आला तेव्हा शेवटच्या दोन सह्या झाल्या. पाच महिने गेले. कोकणातल्या ज्यांना सोलर लावायचं आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं, पॅनेलची चौकशी नंतर करा, आधी आपलं वीजबिल कोणाच्या नावावर आहे ते पाहा.

दुसरा धडा ठेकेदाराचा. पहिल्याने स्वस्तातला दर दिला आणि मी जवळजवळ आगाऊ रक्कम देणार होते. भाच्याने फोनवर एकच गोष्ट विचारायला लावली: पॅनेलमधले सेल, म्हणजे उन्हातून वीज बनवणाऱ्या चकत्यासुद्धा भारतात बनलेल्या आहेत का? अनुदान हवं असेल तर पॅनेल आणि सेल दोन्ही देशी लागतात. त्याचे सेल आयात केलेले होते आणि हे त्याने आपणहून सांगितलं नव्हतं. मी दुसरा शोधला. त्याच्याकडून सांगाडा गरम जस्तात बुडवलेल्या लोखंडाचा लिहून घेतला, कारण आमच्याकडची खारी हवा साध्या लोखंडाला दोन पावसाळ्यांत खाते. महावितरणचे अभियंते येऊन तपासून गेले, आलेल्या आणि गेलेल्या दोन्ही युनिटांची नोंद ठेवणारा मीटर बसला, आणि काही दिवसांनी अनुदान खात्यात जमा झालं.

दोन किलोवॉटमधून मे महिन्यात दिवसाला आठ युनिटं मिळाली. जुलैत काही दिवस दोनसुद्धा नाहीत. उन्हाळ्यात ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या लाइनला, दिलेली शिल्लक पावसाळ्यात वळती होते म्हणून निभावतं. बिल शून्य मात्र होत नाही, स्थिर आकार द्यावाच लागतो.

आणि एक गोष्ट मला कोणीच आधी समजावून सांगितली नव्हती. पहिल्या पावसाळ्यात, जूनच्या शेवटी, लाइनवर सुरंगीचं झाड पडलं आणि अडीच दिवस वीज गेली. दुसऱ्या दिवशी पाऊस थांबून लख्ख उघडलं. सासूबाई अंगणातून विचारत्या झाल्या, "एवढा ऊन पडला हा, मगे लायट खंय गेली?" पॅनेल उन्हात तळपत होती आणि घरात दिवा नव्हता. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करतो तो इन्व्हर्टर. बॅटरी नसली तर तो ग्रिडची वीज गेली की आपला आपण बंद होतो. बंद झाला नाही तर आपली वीज लाइनवर जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव धोक्यात येईल. कारण ऐकल्यावर माझी तक्रार राहिली नाही, पण खर्च ठरवतानाच हे कळायला हवं होतं.

ते अडीच दिवस आमचे अडले नाहीत. खिडक्यांतून उजेड होता, कौलांखाली पंख्याविना झोप लागली, स्वयंपाक गोबरगॅसवर झाला. पाण्यापुरता रहाट पुन्हा लावला. तिसऱ्या दिवशी दुपारी वायरमन चिखलाने भरलेले बूट पडवीबाहेर काढून बसला. सासूबाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला. तो पिता पिता म्हणाला, "काकी, मीटर बघा, इला काय?" मी उठून पाहिलं. आकडे उमटले होते, आणि दोनेक मिनिटांनी वरचा इन्व्हर्टरही सुरू झाला.