गुडघ्यावरच्या खुणेने वाचवलेली एकेटी

मला हिपॅटायटिस सी, म्हणजे लिव्हरला बाधणारा विषाणू, होता; त्यावरची इंटरफेरॉनची सुई मी शुक्रवारी रात्री घ्यायचे, म्हणजे ताप आणि अंगदुखी शनिवार-रविवारी उरकून सोमवारी शाळेत उभं राहता यायचं. जोडीला रोजच्या रिबाव्हायरिनच्या गोळ्या. १९९४ साली बाळंतपणात रक्त चढवलं होतं, लागण त्यातूनच झाली असावी. रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस सीची तपासणी सक्तीची झाली ती २००१ मध्ये. माझ्या विषाणूचा जीनोटाइप, म्हणजे उपप्रकार, ३, आपल्याकडे जास्त आढळणारा. २४ आठवड्यांचा कोर्स. ही २०१२ ची गोष्ट.

कोर्स संपत आला आणि कोरडा खोकला लागला. एक्स-रेमध्ये छातीत दोन्ही बाजूंना गाठी. आपल्याकडे अशा गाठी म्हटलं की टीबी. एकेटीची, म्हणजे टीबीच्या औषधांची, चिठ्ठीसुद्धा हातात पडली होती. पण लिव्हरच्या डॉक्टरांनी विचारलं, "अंगावर नवीन काही उठलंय का?" मी गुडघा दाखवला. लहानपणी पडल्याची खूण इतक्या वर्षांनी लाल होऊन फुगली होती. मला वाटलं, डास चावला असेल.

त्याच जागेची बायॉप्सी केली. ग्रॅन्युलोमा, म्हणजे प्रतिकारपेशींचे बारीक पुंजके, निघाले, पण टीबीत पेशी मरून जसा मधला भाग पनीरासारखा होतो तसा नव्हता, जंतूही सापडले नाहीत. सार्कॉइडोसिस! विषाणूशी लढायला इंटरफेरॉन प्रतिकारशक्तीला चेतवतं आणि काहींच्या बाबतीत तीच असे ग्रॅन्युलोमा बांधत सुटते. जुन्या व्रणांत तर हा आजार हमखास शोधावा म्हणतात.

पहिला उपचार म्हणजे सुई बंद. पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं. स्टेरॉइडने विषाणू बळावू शकतो, म्हणून डॉक्टर आधी नुसतं बघत राहिले. पण मला जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा प्रेडनिसोलोन सुरू केलं आणि पुढे कित्येक महिने हळूहळू कमी करत नेलं. स्टेरॉइड म्हणजे सोबत कॅल्शियम आणि डी३ हवंच, असं केमिस्ट सांगत होता. डॉक्टरांनी ते आधी रक्त तपासल्याशिवाय घेऊ दिलं नाही, कारण या आजारात कॅल्शियम आपणहून वाढू शकतं. हे मात्र ज्याला त्याला सांगते मी.

गाठी विरल्या, विषाणू परतला. पण पुन्हा इंटरफेरॉन नाही, यावर आमचं एकमत होतं. २०१५ मध्ये सोफोसबुव्हिर, हिपॅटायटिस सीवरची नवी गोळी, भारतात स्वस्तात मिळू लागलं. पुढच्या वर्षी डॅक्लाटॅसव्हिर या दुसऱ्या गोळीबरोबर ते १२ आठवडे घेतलं. विषाणू गेला, एक्स-रेही स्वच्छ राहिला.

नणंद अजूनही पाहुण्यांना सांगते, "वहिनीला टीबी झाला होता."