पेन्शनवाला सीएचबी मास्तर

फौजेत १७ वर्षांची नोकरी करून मेहकर तालुक्यातल्या गावी परतलो, तेव्हा माझं पुढचं गावानंच ठरवून ठेवलं होतं. "कायले डोकं खपवतं बापू, बँकेत गार्ड लाग," असं मोठे काका म्हणायचे. मला राज्यशास्त्र शिकवायचं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काँगोला राहून आलो होतो. गोमाच्या बाहेर ड्युटी करताना जे पाहिलं, त्याचा अभ्यास करणारा विषय आहे हे इग्नूच्या बीएची पुस्तकं वाचताना समजलं.

नोकरीत असलेल्या जवानांना एक सांगतो. दहावी आणि १५ वर्षं सेवा झाली की लष्कराकडून पदवी समकक्ष प्रमाणपत्र मिळतं. गट क च्या नोकरीला ते चालतं, एमएच्या प्रवेशाला नाही. खरी पदवी आत असतानाच घ्या. बीए हातात होतं म्हणून मी सुटलो. बाकी डिस्चार्ज बुकात एक नाव आणि टीसीवर दुसरं, मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, तहसीलच्या चकरा. हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं.

प्राध्यापक व्हायचं तर एमएत ५५ टक्के हवेत, राखीव प्रवर्गाला ५०. मग पात्रता परीक्षा: देशाची नेट किंवा राज्याची सेट. जेआरएफला, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधन शिष्यवृत्तीला, वयाची अट ३०, फौजी माणसाला फार तर ५ वर्षांची सूट. तेवढं वय माझं वर्दीतच सरलं होतं. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला मात्र वयाची अट नाही. नेट हिंदी-इंग्रजीत, सेट मराठीतही देता येते, म्हणून मी सेट धरली. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पहिल्या पेपरचे ५० प्रश्न सरावानं जमतात. दुसऱ्या पेपरच्या १०० प्रश्नांत खरी कसोटी. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं सहावं प्रकरण तंटा शांततेनं मिटवण्याचं आणि सातवं बळ वापरण्याचं, हे मला पाठ करावं लागलं नाही. ग्राम्शी या इटालियन मार्क्सवादी विचारवंतानं मात्र घाम काढला. फौजेत हुकुमाचा एकच अर्थ असतो. इथं एकाच संकल्पनेचे चार विचारवंतांचे चार अर्थ, आणि चारही बरोबर.

सेट झाली की नोकरी लागते असं वाटणाऱ्यानं आमच्या भागात येऊन बघावं. माजी सैनिकांचं आरक्षण गट क आणि ड मध्ये. प्राध्यापकाची जागा त्यात येत नाही. ट्रेनिंग सेंटरमध्ये इन्स्ट्रक्टर होतो, तो अनुभव एका मुलाखतीत धरलाच नाही. शेवटी सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावरचं काम, मिळाली. तासाप्रमाणे पैसे, तेही कधीच वेळेवर नाहीत, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. माझं घर पेन्शनवर चालतं म्हणून मला हे परवडतं. स्टाफरूममध्ये शेजारी बसणारा नेट, पीएचडी झालेला आहे, माझ्याहून चांगला शिकवतो आणि सोयाबीनच्या हंगामात मळणीयंत्रावर जातो. एकदा हसत म्हणाला, "भाऊ, तुमाले पेन्शन हाय, आमाले हेच तास." त्याला द्यायला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. यंदा तास कमी झाले तेव्हा आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर तेवढा ठेवून बाकीचे त्याला द्या, असं मी प्राचार्यांना सांगितलं.

आता अमरावती विद्यापीठात पीएचडीला नाव घातलंय, विषय भारतीय शांतिसैनिक. गाइडनी पहिल्याच भेटीत बजावलं, "आठवणी नकोत, हवालदारसाहेब, संदर्भ आणा." सध्या सुरक्षा परिषदेचे ठराव वाचतोय.