मागच्या भिंतीवरचा पांढरा पट्टा

घराला बाहेरून रंग देण्याचे काम मी घेतो, तेव्हा डब्याचे झाकण उघडण्याआधीचा बराच वेळ भिंत हाताने आणि कानाने तपासण्यात जातो. ज्या दिवसाविषयी लिहितो आहे, त्या दिवशी हे तपासणेच संपूर्ण कामाला वेगळे वळण देऊन गेले.

घरमालकांनी आपल्या बाजूची तयारी उत्तम केली होती. भिंतीलगतच्या कुंड्या हलवलेल्या होत्या, वेली छाटलेल्या होत्या, कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्या सोडलेल्या होत्या आणि खिडक्यांच्या जाळ्याही काढून आत ठेवलेल्या होत्या. परांची बांधायला भिंतीपासून मोकळी जागा लागते हे ध्यानात ठेवणारा मालक आम्हाला क्वचितच भेटतो. त्यांची तक्रार एकच होती. आधीचा रंग देऊन फार काळ झाला नसतानाही घराच्या पाठीमागच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला रंग फुगून त्याचे पापुद्रे सुटत होते, आणि या वेळी जास्त भारी रंग वापरला की प्रश्न मिटेल, अशी त्यांची समजूत होती.

बाकीच्या तीन भिंतींत नेहमीचेच काम होते. तळहात फिरवला की खडूसारखी भुकटी हाताला लागत होती, म्हणजे जुन्या रंगातला चिकट अंश उन्हाने संपला होता आणि धुऊन, खरवडून, प्रायमर दिल्याशिवाय नवा रंग तिथे धरणार नव्हता. ऊन न पोहोचणाऱ्या बाजूला शेवाळ होते. ते नुसत्या पाण्याने धुतले तर वरवर जाते आणि रंगाखालून पुन्हा उगवते, म्हणून आधी ब्लीचचे पातळ द्रावण लावून ते मारायचे आणि मगच धुवायचे.

मागच्या भिंतीची गोष्ट मात्र निराळी होती. वरून झिरपणारे पाणी भिंतीवर वेडेवाकडे ओघळ सोडते. इथे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ एकाच पातळीत क्षारांचा पांढरा पट्टा होता, आणि त्याखालचा रंग पाहावा तर अगदी शाबूत. मालक तेवढ्यावरूनच खालची भिंत चांगली आहे असे धरून चालले होते. मला त्या शाबूतपणाचाच संशय आला. हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलो, तर पट्ट्याच्या वर ठणठणीत आवाज आणि खाली बद्द. खरवडणीचे टोक घालताच रबरासारखा जाड थर अखंड सोलून आला आणि त्यामागचा गिलावा ओल्या वाळूसारखा हातात सांडला.

आधी कोणीतरी भिंतीच्या खालच्या भागाला जलरोधक लेप दिला होता. लेपाने बाहेरचे पाणी अडवले असेलही, पण आतल्या पाण्याची बाहेर पडण्याची वाटसुद्धा बंद केली. ते विटांमधून वर चढत राहिले आणि लेप संपला तिथे बाष्प होऊन निघून गेले, पण जाताना त्यातले क्षार मागे राहिले. हेच क्षार रंगाला मागून ढकलत होते. रंग कितीही भारी असता, तरी तोही तसाच ढकलला गेला असता.

पाणी येत कोठून होते, हे शोधायला कुदळ लागली. भिंतीला टेकून फुलझाडांचा लांब वाफा होता आणि दरवर्षी खत-माती पडून तो इतका उंच झाला होता की जोत्यावरचा ओल रोखणारा थर मातीखाली गेला होता. त्यामुळे ओल त्या थराला वळसा घालून थेट विटांत शिरत होती, शिवाय वाफ्याला पाणी रोज मिळत होते. मी हे दाखवले, तेव्हा घरातल्या काकू म्हणाल्या, “रंगाचं काम तुमचं, माझ्या बागेचं मध्येच काय काढलंत?” त्यांचा राग मला समजत होता, कारण वाफा त्यांनी स्वतः जोपासलेला होता. तरीही माती जोत्याच्या त्या थराखाली उतरवल्याशिवाय मी भिंतीला हात लावणार नाही, हे मला सांगावे लागले.

त्याहून अवघड गोष्ट पुढेच होती. पट्ट्याच्या वर सुमारे फूटभर अंतरापर्यंतचा गिलावा काढून विटा उघड्या ठेवायच्या, क्षार कोरड्या ब्रशने झाडायचे (पाण्याने धुतले तर ते विरघळून पुन्हा आत जातात) आणि मग वाट पाहायची. भिंतीच्या जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना, हा ओल सुकण्याचा ठोकताळा आहे. भिंत नऊ इंची होती. नव्या गिलाव्याला त्यानंतर महिनाभर द्यावा लागतो, कारण ताज्या सिमेंटचा अल्कलीपणा रंग खातो. मालकांनी हिशेब केला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “निदान पुढच्या बाजूचं तरी आत्ता होईल ना?”

ते शक्य होते. तीन भिंती धुऊन वाळल्यावर भेगा भरून रंगवायच्या आणि मागची भिंत उघडीच ठेवायची असे ठरले. वेगवेगळ्या वेळी केलेल्या रंगाची छटा थोडी तरी वेगळी पडते, म्हणून मी रंग बरोबर घराच्या कोपऱ्यांवर तोडायला सांगितला. दोन भिंती एकाच नजरेत सपाट दिसत नसल्याने तिथला फरक लपतो. वाफा काकूंनी भिंतीपासून दूर नेण्याचे मान्य केले, मात्र तो कोठे न्यायचा यावर मी निघेपर्यंत त्यांचे आणि मालकांचे एकमत झालेले नव्हते.